ठकूबाईंना विचारून

अक्कांच्या घरात खोली मिळते का बघायला मी गेले, तेव्हा त्यांनी मला पायरीवर बसवलं आणि स्वतः आत निघून गेल्या. तास झाला, दीड तास झाला. माझी पहिलीच नेमणूक, हातात बॅग, डोक्यावर चौसाळ्याचं ऊन आणि भोवती तीन कुत्री. एक माझी चप्पल हुंगतंय, एक बॅगेत नाक घालतंय, आणि तिसरी, म्हातारी, पिवळट, एका कानाचं टोक गेलेली, समोर बसून नुसती माझ्याकडे बघतेय. मला कुत्र्यांची भीती नव्हती, पण त्या बघण्याने मी अंग चोरून बसले. शेवटी म्हातारी उठली, माझ्या गुडघ्याला नाक लावलं, शिंकली आणि माझ्या शेजारी येऊन पसरली. तेव्हा कुठे आतून आवाज आला, "ये ग आत. ठकूबाईंनी ठिवून घेतलं तुला."

नाव, गाव, जात, काहीच विचारलं नाही. मीच आपणहून सांगितलं की मी परभणीकडची, नर्स आहे, पलीकडच्या गावातल्या उपकेंद्रात लागलेय. अक्का म्हणाल्या, "बरं बरं. झोपंत वरडती का? जमादारांची झोप लई हलकी हाय." जमादार म्हणजे माझी चप्पल हुंगणारा काळा कुत्रा. बॅगेत नाक घालणारे ते मास्तर, आणि ती एका कानाची म्हातारी म्हणजे ठकूबाई.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी स्वभावाने घाबरट. दूध उतू जायच्या आधीच मला ते शेगडीवर सांडलेलं दिसतं. आणि माझी घरमालकीण अशी, की दूध उतू गेलं तरी हातातला टाका पुरा केल्याशिवाय उठायची नाही. दोन वर्षं आम्ही एका छपराखाली कशी काढली, देव जाणे.

अक्का साठी ओलांडलेल्या, उंच, हाडापेराने मजबूत. वाकळा शिवायच्या. पुण्याकडे गोधडी म्हणतात, तीच वाकळ. सकाळी दात घासले की पायरीवर बैठक, मांडीवर जुन्या लुगड्यांचा ढीग, हातात जाड सुई. लांबलांबून बाया कपडे घेऊन यायच्या. आणि त्यातली एखादी नवखी बाई शहाणपणाने कपडे धुऊन, घड्या घालून घेऊन आली, की संपलं. अक्का ते गाठोडं नाकाशी न्यायच्या आणि परत द्यायच्या. "धुतलंस कावून? आता ह्यात मानूस कुटं ऱ्हायलं?"

बाळाच्या वाकळेसाठी तर त्यांचा नियमच होता. घरातल्या प्रत्येकाच्या अंगावरचा एक तुकडा पाहिजे. आज्याचं धोतर, चुलत्याचा सदरा, आईचं रोजचं लुगडं. सगळं न धुतलेलं. "लेकरू डोळे उघडायच्या आदी घर हुंगतंय," म्हणायच्या. मी नर्स, मला राहवायचं नाही. "अक्का, जंतू असतात हो त्यात." त्यावर सुईत दोरा ओवत, "असू दे की. त्येबी घरचेच."

बोलायची तऱ्हाही निराळी. माणसांना सरसकट अरे-तुरे, मग तो तलाठी असो की डॉक्टर. कुत्र्यांना मात्र अहो-जाहो. "जमादार, तुमी जेवलात का?" "मास्तर, उनात बसू नगा." एकदा एक पुढारी आपल्या वाढदिवसाचं पोस्टर लावायला अक्कांची रस्त्याकडची भिंत मागायला आला. सोबत पाच-सहा कार्यकर्ते, मोठी गाडी. अक्का म्हणाल्या, "ठकूबाईंना इचार." तो हसला. अक्का हसल्या नाहीत. शेवटी गडी खरंच कुत्रीसमोर उभा राहिला, पांढऱ्या कपड्यात, आणि म्हणाला, "काय ठकूबाई, लावू का?" ठकूबाईंनी तोंड फाडून जांभई दिली. "न्हाई म्हनल्या," अक्का म्हणाल्या आणि सुई उचलली. भिंत कोरीच राहिली.

गंमत बाजूला ठेवा. त्या बाईच्या आयुष्यात हसण्यासारखं फार नव्हतं, हे मलाही कळत होतं. नवऱ्याचं घर सोडून आलेली, भावाने रस्त्याकडचं हे घर राहायला दिलं, एवढंच गावाला ठाऊक होतं. पुढचं विचारायची कुणाची छाती नव्हती.

माझीही नव्हती. आणि तरी मी त्या घरात गुणीला नेलं.

गुणी उपकेंद्राच्या व्हरांड्यात यायची. तांबूस रंग, चारी पाय पांढरे, डोळे असे की बघणाऱ्याला आपणच काहीतरी चुकलो असं वाटावं. गाभण होती. बाळंतपणाला आलेल्या एका बाईच्या नातेवाइकांनी तिला बघून आरडाओरडा केला, आणि दुसऱ्या दिवशी गावातली दोन माणसं काठ्या घेऊन फाटकात उभी. "सिस्टर, आज हिला लांब सोडून येतो," म्हणाले. लांब सोडून येणं म्हणजे काय, ते त्यांच्या काठ्यांवरून मला कळलं. मी काही न बोलता तिला उचललं, टमटममध्ये पायाशी बसवलं आणि निघाले. टमटम चौसाळ्याच्या फाट्याला पोचेपर्यंत मी स्वतःवर खूश होते. अक्कांचं घर दिसलं आणि ती खुशी तिथेच संपली.

कारण ठकूबाईंची एक गोष्ट मला माहीत होती. समोर रस्त्यापलीकडे सीताफळं-मोसंबी विकणारे एक चाचा बसायचे, त्यांनीच सांगितली होती. मी यायच्या आदल्या वर्षी एक उनाड कुत्री अक्कांच्या जिन्याखाली व्याली. दुपारी अक्का कुठे बाहेर गेलेल्या. तेवढ्यात ठकूबाईंनी दोन पिल्लं मारली. चाचा म्हणाले होते, "अक्काने उसको एक चापट भी नई मारी, सिस्टर. फक्त दोन दिन जेवली न्हाई."

अक्कांनी गुणीकडे बघितलं. जवळ आल्या नाहीत. ठकूबाई पायरीवर उभ्या राहिल्या होत्या, मानेवरचे केस ताठ. "किती दिस ऱ्हायले?" अक्कांनी विचारलं.

"बाईचं असतं तर तारीख काढून दिली असती. कुत्रीचं मला काय कळतंय? दहा-बारा दिवस असतील."

"लई उशीर केलास."

"अक्का, तिला मारतील हो तिकडं."

"आन् हितं? हितं काय हुईल, ठाव हाय का न्हाई तुला?" मग ठकूबाईंच्या मानेवरचे केस हाताने खाली बसवत राहिल्या. मी रडायच्या बेतात. शेवटी म्हणाल्या, "मागच्या शेडात ठिव. मागच्या दारानं ने. पर मी सांगंन तसंच करायचं. घर ठकूबाईंचं हाय. त्यांना इचारून आनायचं."

विचारून आणायचं म्हणजे काय, ते पुढचे दहा दिवस मी शिकले. गुणी पत्र्याच्या शेडमध्ये, ठकूबाई घरात, मध्ये भिंत. सकाळ-संध्याकाळ दोघींना फिरायला न्यायचं, अक्कांच्या हातात ठकूबाईंची दोरी, माझ्या हातात गुणीची. रस्त्याच्या दोन कडांनी, एकाच दिशेला. "तोंडासमोर तोंड आनायचं न्हाई," अक्का ओरडायच्या. "संगं चालू दे. चालता चालता कळतंय." रोज आम्ही दोघी हातभर जवळ सरकायचो. समोरून उसाचे ट्रॅक्टर, मागून ट्रका, आणि आमची ही वरात. लोक हसायचे. मी लाजेने अर्धी व्हायची. अक्कांना त्याचं काही नव्हतं.

शिवाय वाकळ. ठकूबाईंच्या बसायच्या पोत्याचा तुकडा, जमादार-मास्तरांच्या अंथरुणाचे तुकडे, आणि मी गुणीखाली घातलेल्या माझ्या जुन्या ओढणीचा तुकडा, असं सगळं एकत्र शिवून अक्कांनी हातभर रुंदीची वाकळ केली. एक रात्र ती ठकूबाईंच्या खाली, एक रात्र गुणीच्या खाली. पहिल्या दिवशी ठकूबाईंनी ती दातांनी ओढून अंगणात फेकली. चौथ्या दिवशी तिच्यावर बसल्या, पण तोंड फिरवून. आठव्या दिवशी गाढ झोपल्या. अक्कांनी मला हाक मारून दाखवलं. "बघ. आता वास पटलाय."

पण माझा जीव टांगणीला लागलेला. रोज उठून गुणीचं पोट चाचपायचं, आचळं बघायची. दूध उतरलं होतं. "अक्का, आता आत घेऊ या. शेडमध्ये उंदीर आहेत, धूळ आहे." अक्का म्हणायच्या, "दोन दिस." दुसऱ्या दिवशी विचारलं तरी, "दोन दिस." मी मनात म्हणायची, ही बाई पंचांग बघून कुत्री बाळंत करणार आहे का? गुरांच्या एका डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ताप मोजून बघत जा, अंग एकदम गार पडलं की एका दिवसात व्याली समजा. तेव्हापासून मी दिवसातून तीनदा थर्मामीटर घेऊन शेडमध्ये.

त्या दिवशी संकष्टी होती. दर संकष्टीला अक्का लिंबागणेशला जायच्या, तशा सकाळीच गेल्या. जाताना म्हणाल्या, "आज फिरवू नको. काई करू नको. मी आले की संध्याकाळी बघू." सुट्टी होती, मी घरीच. नऊ वाजता थर्मामीटर लावला. पारा खाली गेला होता. गुणी पुढच्या पायांनी माती उकरत होती, धापा टाकत होती.

मग मी काय केलं, तर जे मला शिकवलं होतं तेच केलं. आमच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवसापासून घोकून घेतलेलं असतं, बाळंतपणाला जागा स्वच्छ, हात स्वच्छ, कापड स्वच्छ. अक्कांनी घरातल्या पडवीचा एक कोपरा तिच्यासाठी ठरवून ठेवला होता. तो मी फिनाईलने पुसला. वाकळ उकळत्या पाण्यात घातली, दवाखान्यातलं औषध टाकलं, खळखळून धुतली आणि पत्र्यावर उन्हात टाकली. त्याच औषधाच्या पाण्याने गुणीचं अंग पुसून काढलं. हे करताना मला एकदाही, शप्पथ सांगते, एकदाही वाटलं नाही की मी काही चुकीचं करतेय. उलट जिवाला बरं वाटत होतं.

जमादार-मास्तरांना मागे बांधलं. ठकूबाई पायरीवर पडलेल्या. आदल्या संध्याकाळी दोघी खांद्याला खांदा लावून चालल्या होत्या, एकमेकींना हुंगलंही होतं. म्हटलं, आता उरलंय काय? पुढच्या फाटकातून गुणीला आत घेतलं, काखेत ती कोरडी वाकळ.

ठकूबाई उठल्या. शेपूट हलवायच्या बेतात होत्या, हे मी बघितलं. दोन पावलं पुढे आल्या, नाक वर केलं आणि तिथेच थांबल्या. मानेवरचे केस उभे राहिले. मी "ठकूबाई" म्हणेपर्यंत त्या गुणीच्या मानेवर होत्या.

किंचाळणं गुणीचं की माझं, सांगता येत नाही. मी मध्ये हात घातला, तो मनगटाला फाटला. गुणीची दोरी सुटली. पोट घासत, लंगडत ती फाटकातून बाहेर, रस्त्यावर. उसाच्या ट्रॅक्टरने करकचून ब्रेक मारला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती नव्हती. चाचा गाड्यामागून ओरडत होते, "सिस्टर, नळ्यांकडं पळाली, नळ्यांकडं!"

रस्त्याचं काम चाललं होतं, त्याचे सिमेंटचे मोठे नळे पलीकडे एकावर एक रचून ठेवलेले, पन्नासएक तरी असतील. मी एकेका नळ्यात वाकून हाका मारल्या. मनगटाला रुमाल बांधला होता, तो भिजून गेला. तीन तास. ती कळा देत असेल, मानेला जखम, वर ही उन्हं. आपण तिला काठ्यांतून सोडवून दातांत आणून दिलं, हे एकच वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं.

अक्का दुपारी टमटममधून उतरल्या. माझ्याकडे बघितलं, हाताकडे बघितलं, फाटकाकडे बघितलं. काही विचारलं नाही. अंगणात पडलेली वाकळ उचलली आणि नाकाशी धरली.

"धुतलीस?"

मी मान हलवली.

"तिलाबी?"

"अक्का, इन्फेक्शन होईल म्हणून..."

"असंच आनलं हुतं," अक्का म्हणाल्या. आवाज इतका बारीक की मला आधी वाटलं, दुसरंच कुणीतरी बोलतंय. मग एकदम चढला. "असंच! लग्नाला आठ वर्सं झालती. लेकरू न्हाई. एक दिस दुपारी मी भाकरी थापत हुते, आन् दारात जीप थांबली. नवरा उतरला, मागून एक पोरगी. न्हाऊन-धुऊन, नवं लुगडं, पोट पुढं. सासू म्हनली, ऊठ, हिला ववाळून घे. माज्या हाताला पीठ. कुनी एका शब्दानं इचारलं न्हाई मला. घर माजं हुतं ग! आठ वर्सं सारवलं हुतं मी त्ये!"

"मग?" मी विचारलं.

"मग काय. निघाले." डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडेच होते. आत जाऊन त्यांनी ठकूबाईंच्या गळ्यात दोरी घातली. ठकूबाई कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसल्या होत्या. "चला. तुमीच पळवून लावलंय, तुमीच हुडका."

माझ्या मते तो शुद्ध वेडेपणा होता. जिने फाडलं तिलाच शोधायला न्यायचं? पण बोलायला मला तोंड कुठे होतं! ठकूबाई नळ्यांच्या कडेकडेने नाक खाली घालून चालत गेल्या. सगळ्यात टोकाला, बाभळीखाली, एक नळा अर्धा मातीत रुतलेला होता, मी तो बुजलेला समजून सोडून दिला होता. त्याच्यापासून दहा पावलांवर त्या थांबल्या आणि खाली बसल्या. पुढे जाईनात. आतून चिवचिव ऐकू येत होती. मी वाकून बघितलं. गुणी होती. दोन पिल्लं पोटाशी आणि तिसरं येत होतं.

मी हात पुढे केला. "हात लावू नको!" अक्का ओरडल्या. "आदी हात धू. न्हाई, न्हाई, धू नको! गप बस तितं." मी गप बसले. संध्याकाळपर्यंत पाच पिल्लं झाली, पाचही जिवंत. माझा जीव भांड्यात पडला, पण थोडाच वेळ. कारण आता पाच जीव उघड्यावर, हमरस्त्याला लागून, आणि त्यांची आई घराच्या फाटकाकडे बघितलं तरी थरथरत होती.

पुढचे दिवस अक्का पायरीवर बसल्याच नाहीत. सकाळी उठून ठकूबाईंना घेऊन त्या बाभळीखाली बसायच्या. पहिल्या दिवशी दहा पावलांवर, मग नऊवर. मांडीवर नवी वाकळ. पुन्हा सगळ्यांचे तुकडे, आणि गुणीच्या जखमेला लावलेला रक्ताचा फडकाही तसाच. मला हात लावू दिला नाही. लोकांच्या वाकळा पडून राहिल्या, बाया येऊन परत गेल्या. मी ड्युटीवर जायची, पण लक्ष सगळं नळ्यात. कुत्रं चावल्याची सुई स्वतःच्याच दवाखान्यात घेतली, हसण्यावारी नेलं. रोज संध्याकाळी टमटममधून उतरले की आधी चाचांकडे बघायची, आणि ते हाताची पाच बोटं पसरून दाखवायचे. पाच आहेत. मग मी श्वास सोडायची.

दहाव्या की अकराव्या दिवशी संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस आला. "उद्या क्रेन येतीय. नळे उचलायचेत."

मी टोपलीच आणली. "अक्का, आता ऐका माझं. आजच आत नेऊ."

"नेलंस तर ती परत आनील. रस्ता वलांडून. न्हाईतर ठकूबाई..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. टाका अर्ध्यावर टाकून त्यांनी सुई खाली ठेवली, ते मी पहिल्यांदाच बघितलं. "तिनं याय पायजे. आन् ह्यांनी घ्याय पायजे. दोघींनीबी."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर मग माज्यानं काय बी हुनार न्हाई," अक्का म्हणाल्या. अंधार पडेपर्यंत त्या टोपलीशेजारी तशाच बसून होत्या.

सकाळी साडेआठला क्रेन आली. पहिला नळा हलला, धडधड झाली. अक्कांनी नवी वाकळ पडवीच्या कोपऱ्यात पसरली होती. आणि ठकूबाई काय करतात? सरळ जाऊन तिच्यावर अंग टाकून पडल्या! अक्कांनी त्यांना उठवलं नाही. वर गळ्यातली दोरीही काढली.

"अक्का, दोरी!"

"दोरीनं काय हुतंय."

मी फाटकात उभी. नळ्यातून गुणी बाहेर आली, तोंडात एक पिल्लू लोंबतंय. क्रेनकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. आणि निघाली. समोरून उसाचा ट्रॅक्टर. मी नुसती किंचाळले. चाचा मात्र सीताफळं टाकून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे, दोन्ही हात पसरून. "रुक! रुक रे!"

ट्रॅक्टरवाला वरून ओरडला, "काय झालं बे चाचा?"

"जच्चा जा री! दिखता नई क्या?"

बाळंतीण म्हटल्यावर ट्रॅक्टर थांबला, मागे दोन ट्रका थांबल्या. गुणी शेपूट पोटात घालून रस्ता ओलांडून फाटकात आली. माझ्या पायाला घासून आत. पायरी चढली. आणि पडवीच्या तोंडाशी थांबली, कारण कोपऱ्यात ठकूबाई.

ठकूबाई उठल्या. मला तो दिवस आठवला आणि मी भिंत धरली. अक्का खांबाला टेकून उभ्या, तोंडावर पदर. ठकूबाई पुढे आल्या. गुणीच्या मानेवरची खपली हुंगली. मग तोंडात लोंबणारं पिल्लू हुंगलं. नाक, पोट, पाय, पुन्हा नाक. किती वेळ हुंगत होत्या कुणास ठाऊक, मला तर वर्ष गेल्यासारखं वाटलं. गुणी हलली नाही, पिल्लूही सोडलं नाही.

आणि मग ठकूबाई बाजूला झाल्या. त्या जागेकडे पुन्हा न बघता बाहेर आल्या, पायरी उतरल्या आणि खालच्या मातीत, उन्हात जाऊन बसल्या. गुणीने पिल्लू वाकळेवर ठेवलं आणि दुसरं आणायला वळली. पाच खेपा झाल्या. चाचांनी पाचही वेळा रस्ता अडवला.

मी हसत होते, रडत होते, काय करत होते, मलाच कळत नव्हतं. अक्कांच्या गळ्यात पडावं म्हणून वळले, तर त्या खांबाशी खाली बसलेल्या.

"अक्का, दिली की हो जागा! बघितलंत ना?"

"मी न्हाई दिली ग," अक्का म्हणाल्या.

"काय?"

"तुला अर्दंच सांगितलं मी. निघाले म्हनले न्हवं? आदी तिला हाकललं. आठ दिस तिच्या हाताला पानी लागू दिलं न्हाई. रांजनाजवळ आली की रांजन उपडा करायची मी. नववा म्हैना हुता तिला. आठव्या दिशी तिचा बाप आला आन् चकलांब्याला घिऊन गेला. जाताना वठ फुटले हुते तिचे. मग मी निघाले." पिल्लांची चुळबुळ चालली होती, त्या तिकडे बघत बोलत होत्या. "अठरा-एकोनीस वर्साची आसंल. तिलाबी कुटं कुनी इचारलं हुतं? लेकरू जगलं का मेलं, मला ठाव न्हाई. पस्तीस वर्सं झाली. कुनाला इचारायचं धाडसच झालं न्हाई."

मी त्यांच्याजवळ बसले.

पुढच्या आठवड्यात एक दिवस मी ड्युटीला निघाले तर अक्का धुतलेलं लुगडं नेसून फाटकात. "आज ह्यांच्याकडं तू बघ," म्हणाल्या. "चकलांब्याला जाऊन येते." आणि गेवराईकडे जाणारी गाडी धरायला चालायला लागल्या. मी रजा टाकली. दिवसभर गुणीजवळ बसले, पण मनात नाही नाही ते. लेकरू गेलं असेल तर? ती बाईच गेली असेल तर? अंगावर धावून आले तर? म्हातारी बाई एकटी, काही झालं तर मला कोण कळवणार? दुपारी चाचा दोनदा विचारून गेले.

उन्हं कलताना त्या आल्या. पायांवर धूळ, चेहरा ओढलेला. पायरीवर बसल्या. मला धीर धरवेना.

"अक्का, लेकरू?"

"जगलं. पोरगी हाय. दोन लेकरांची आई झालीय आता."

"आणि ती? भेटली?"

"व्हय."

"ओळखलं तुम्हाला?"

"दारातच वळखलं. काई बोलली न्हाई. उंबऱ्यात उभी. मीबी उभी. मला वाटलं, आता दार लावती. लावायला पायजेल हुतं तिनं. मग आत गेली, आन् पान्याचा तांब्या घिऊन आली. माज्या हातात दिला."

"प्यायलात?"

"दोन तांबे प्याले," अक्का म्हणाल्या, आणि लहान पोरीसारख्या हुंदके देऊन रडायला लागल्या.